चक्क्याच्या डब्यांमागची जागा

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. बदलापूरच्या ठाण्यात माझ्या नोकरीची शेवटची वर्षं चालली होती. मी बिनसाखरेचा चहा नाक मुरडत पीत होतो, तेवढ्यात हेंद्रेपाड्यातलं एक तरुण जोडपं ठाणे अंमलदारापुढे येऊन उभं राहिलं. पहाटे दूध आणायला गेलेले सत्तरीचे वडील अजून परतले नव्हते. मोबाईल घरीच होता.

मिसिंग दाखल करून घेतली, फोटो आजूबाजूच्या ठाण्यांना पाठवला. म्हातारं माणूस घर सोडतं तेव्हा आधी घरातच शोधावं, ही आमची खोड. मी मुलाला समोर बसवलं.

"काल काही वाजलं का घरात?"

"नाही हो साहेब. उलट आज लॅबवाला घरी येणार होता, बाबांचं रक्त घ्यायला. आम्हा चौघांचा मिळून एकच मेडिक्लेम घेतोय ना. एजंट म्हणाला, वय जास्त आहे, टेस्ट लागेल."

"आजारी असतात?"

"छे! एक गोळी नाही त्यांना."

सून बाजूला डोळे पुसत होती. दरडावून जे बाहेर येत नाही, ते पुष्कळदा जेवणाखाण्याच्या गप्पांत सापडतं. मी तिला विचारलं, सासरे दिवसभर काय खातात.

"दूध आणल्याशिवाय चहाचा घोटही घेत नाहीत. आले की मात्र नाश्ता तयार लागतो, जरा उशीर चालत नाही. शिरा केला की सगळा नातीला भरवतात. म्हणतात, तिचं पोट भरलं की माझं भरलं."

मी माझ्या चहाकडे बघितलं. न्याहारीआधी पोटात इन्सुलिनची सुई टोचायची, मग लगेच खायचं आणि गोड दुसऱ्याच्या ताटात सरकवायचं, हा माझाच दिनक्रम होता! पण इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, आणि घरच्या फ्रिजवर सुनेची नजर. मग हा गृहस्थ ठेवतो कुठे? पहाटे तो एकाच ठिकाणी जात होता.

डेअरीवाला मूळचा उल्हासनगरचा सिंधी, तोंडाचा गोड. "काका आले होते ना साब. दूध नाही घेतलं आज."

"मग काय घेतलं?"

तो काउंटर पुसायला लागला. स्वच्छ काउंटर पुन्हा पुन्हा पुसणारा माणूस खोटं बोलण्यात कच्चा असतो. मी त्याचा फ्रिज उघडला. चक्क्याच्या डब्यांमागे वीतभर जागा रिकामी होती.

"शेठ, त्यांचं औषध कुठे गेलं? सुई चुकली तर माणूस आडवा होतो."

शेठचा चेहरा पडला. "साब, कसम घातली होती त्यांनी. बर्फ टाकून पिशवीत दिलं. उल्हासनगरला माझ्या अम्माकडे गेलेत. बोलले, टेस्टला मी नसलो की माझं नाव कटेल, मग येतो. माझ्या शुगरमुळे नातीची पॉलिसी नको अटकायला."

मुलाला आणि सुनेला जीपमध्ये घेऊन आम्ही उल्हासनगर गाठलं. काका खाटेवर बसून अम्माबरोबर मटार सोलत होते. मला बघून उभे राहिले, अगदी आरोपीसारखे.

"तुझ्या आईच्या दुखण्यात तू किती धावलास, ते बघितलंय मी," ते मुलाला म्हणाले. "परत तुझ्या गळ्यात दवाखाना कशाला?"

मुलाने वडिलांचा हात धरला तो सोडलाच नाही. सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला आवडतो म्हणून करत होते हो मी शिरा. एकदा तरी सांगायचं!"

"वास छान यायचा गं," काका म्हणाले.

मी थोडी साहेबी केली.

"काका, पळून आरोपीचीसुद्धा सुटका होत नाही. चौघं एका पॉलिसीत असले की विम्याची रक्कम चौघांत मिळून एकच, आणि हप्ता बघतात तो सगळ्यांत वडीलधाऱ्याच्या वयावर. या तिघांची एक घ्या. तुमची वैयक्तिक, तुमच्या एकट्याच्या नावावर. शुगर आहे हे छाती ठोकून सांगा. हप्ता चढा लागेल, त्या आजाराला काही काळ संरक्षण मिळणार नाही. पण आजार लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी तोंड फिरवते."

काका मुलाकडे बघत राहिले. तो एवढंच म्हणाला, "पॉलिसी दोन असतील बाबा. फ्रिज एकच."

पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो. सुनेने फ्रिजच्या दारातला लोण्याचा कप्पा रिकामा करून तिथे इन्सुलिन ठेवलं होतं. काकांच्या नावाची पॉलिसी झाली होती. हप्ता जास्त बसला, म्हणून मुलगा कुरकुरला नाही. चहा बिनसाखरेचाच आला, सगळ्यांना.

चोर लपवतो ते भीतीपोटी, हे मी नोकरीभर बघितलं. मायेपोटीही माणूस तितक्याच सफाईने लपवतो, हे मला या मिसिंगने शिकवलं. तेव्हापासून मी घरच्या म्हाताऱ्यांना "बरे आहात ना?" एवढंच विचारून थांबत नाही, "काय खाल्लंत?" हेही विचारतो.

त्या दिवशी त्यांच्या घरून परतताना डेअरीवर थांबलो. काका अजून रोज येतात, आता फक्त दुधासाठी. फ्रिजमधली ती वीतभर जागा मात्र तशीच रिकामी होती.

"शेठ, तिथे चक्का का नाही ठेवत?"

तो ओशाळून हसला. "साब, और कोई काका आया तो?"