संदर्भ क्रमांक चार

"क्रमांक चार. सुभद्राबाई महादू, राहणार नवागाम." इतिहासाच्या बाईंनी माझ्या टर्म पेपरचं शेवटचं पान डोळ्यांसमोर धरलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि वर्गाकडे पाहिलं. "या कोण बरं? कोणत्या विद्यापीठात शिकवतात?"

वर्गात हसू फुटलं.

मी उभी. अकरावी आर्ट्स, तिसरा बाक, खिडकीजवळ.

"माझी आई आहे, बाई."

"अस्सं! मग अमेरिकेच्या इतिहासावर आईसाहेबांचं काय म्हणणं?"

इथं मी रडले असं सांगितलं असतं, तर गोष्ट सोपी झाली असती. माझ्या बाजूची झाली असती. पण मी रडले नाही. मला चाळीस जणांचं हसू ऐकू आलं, आणि माझ्यातल्या नटीला वाटलं, प्रेक्षक तयार आहेत. मी ओढणी कंबरेला खोचली. दोन बाकांच्या मधल्या जागेत उकिडवी बसले. एका हातात नसलेली कात्री, दुसऱ्या हातात नसलेली साडी. तोंड वेडंवाकडं केलं आणि नाकातून आवाज काढला:

"अमेरिकाना कापूस बी बोटे फाडस का व?"

काय हशा! मुलांनी बाकं बडवली. बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. मागच्या बाकांवर आमच्यासारख्याच मिल कामगारांची मुलं बसायची. त्यांच्या घरात हीच अहिराणी, खानदेशातली बोली. तीसुद्धा हसली. मी उठले, ओढणी झटकली, आणि हसत हसत वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

माझ्या आयुष्यातला तो पहिला हशा. त्यानंतर किती मिळवले! लग्नघरात, ऑफिसात, सोसायटीच्या गणपतीत लोक मला पुढं बसवतात. ताई, काहीतरी सांगा. मी सांगते. आवाज काढते, चालून दाखवते, माणसं पोट धरून हसतात आणि मला अजूनही भयंकर आनंद होतो. पण हा पहिला हशा कुठून आला ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

सुरतेत प्लेग येऊन गेल्याला दोनेक वर्षं झाली होती. आमची शाळा मराठी माध्यमाची. पुढच्या बाकांवर बँकेतल्या, पोस्टातल्या, शिक्षकांच्या घरची मुलं. मागच्या बाकांवर उधना, बमरोली, नवागाम या कामगार वस्त्यांतली. कुणी तसं बसवलं नव्हतं. बसत होतो. मी तिसऱ्या बाकावर, म्हणजे सीमेवर. पुढच्यांना हसवायचं आणि मागच्यांत डबा खायचा.

इतिहासाच्या बाई पुण्याच्या. नवरा बँकेत, भाऊ अमेरिकेत. त्या सुट्टीत त्या भावाकडे जाऊन आल्या आणि येताना एक कल्पना घेऊन आल्या. तिकडे म्हणे हायस्कूलची मुलं टर्म पेपर लिहितात. एकेकट्यानं विषय घ्यायचा, पुस्तकं शोधायची, छोट्या कार्डांवर टिपणं काढायची, शेवटी संदर्भांची यादी द्यायची. अमेरिकेचा इतिहास, अमेरिकेच्या पद्धतीनं. मला आलं: गुलामगिरी आणि कापूस.

बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक नियम लिहिला होता. ज्याच्याकडून माहिती घेतली त्याचं नाव लिहायचं. नाव लिहिलं नाही तर ती चोरी. "लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "इतिहासात सगळ्यात वाईट गुन्हा हाच." मला तो नियम फार आवडला. मी तो दोनदा उतरवून घेतला.

मी कामाला लागले, आणि काय सांगू, मला त्याची चटक लागली. कोरी कार्डं कुठून आणायची? साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा घरात होताच. तो कापून मी साठ कार्डं केली. एका बाजूला सोनेरी मोर, दुसऱ्या बाजूला माझी टिपणं. ग्रंथालयात एक गुजराती पुस्तक मिळालं, एक जाडजूड इंग्रजी ज्ञानकोश मिळाला. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेक परिच्छेद फोडत बसायचे. आणि तिसरं पुस्तक बाईंच्या भाच्याचं, अमेरिकेतल्या शाळेचं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. ते शाळेबाहेर न्यायचं नाही. वाचायला मागितलं की पुढच्या बाकावरच्या मुलींना सरळ हातात मिळायचं. मला बाई म्हणायच्या, "हात धुऊन ये. साबणानं. दोनदा." प्लेगनंतर सगळेच हात धुवायचे, म्हणून मी मनाशी म्हटलं, त्यातलंच असेल. धुऊन आले. रोज. दोनदा.

त्या पुस्तकात एक चित्र होतं. कापसाचं शेत, काळी माणसं, पाठी ताठ, हातात टोपल्या, चेहऱ्यावर हसू. फुलं तोडायला निघाल्यासारखी. मी ते चित्र एका कार्डावर काढून घरी नेलं.

आमचं घर नवागामात, एक खोली आणि पुढं ओटा. बाप बमरोलीच्या डाइंग मिलमध्ये. आई घरी साड्यांचे दोरे कापायची. मार्केटातून गठ्ठे यायचे, साडीच्या उलट्या बाजूनं लोंबणारे दोरे कात्रीनं कापायचे, घड्या घालून परत पाठवायच्या. दुपारी ओट्यावर ती आणि शेजारच्या बायका गोल करून बसायच्या आणि मधे साड्यांचा डोंगर. सुरतेला येण्याआधी आईनं लहानपणापासून खानदेशात कापूस वेचलेला. हे मला माहीत होतं. पण ते काही जाणणं असतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी कार्ड दाखवलं. तिनं ते उजेडात धरलं आणि खुसखुसली.

"हाऊ चितर काढणारा वावरमा कधी गयेलच नही."

"का गं?"

"ताठ उभं राहीसन कापूस कोण येचस?" तिनं कात्री खाली ठेवली, उठली, पदराची ओटी केली आणि ओट्यावर मला कापूस वेचून दाखवला. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, दोन्हीकडच्या झाडांना एकदम. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी कशी शिरतात ते दाखवलं. तिच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या. त्या मी जन्मापासून पाहत होते आणि मला वाटायचं, कात्रीच्या असतील.

मग ती बसली, कात्री पुन्हा उचलली आणि तिनं विचारलं, "अमेरिकाना कापूस बी बोटे फाडस का व?"

चेष्टा नव्हती ती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. हजारो मैलांवरच्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या बायकांची बोटं फाटली का, हा प्रश्न माझ्या तिन्ही पुस्तकांपैकी एकानंही विचारला नव्हता.

"फाडतच असेल," मी म्हटलं.

"आन सांजले त्यासले घर जाऊ देत का?"

मी सांगितलं, घर त्यांचं नव्हतं. शेत मालकाचं, झोपडी मालकाची, माणसंही मालकाची. त्यांची मुलंसुद्धा विकायचे.

कात्री थांबली. सगळ्या बायकांच्या कात्र्या थांबल्या.

"हाई पयलं लिख," आई म्हणाली. "आम्ही येचं ते काम व्हतं. त्यासनं ते काम नव्हतं."

मी तेच पहिलं लिहिलं. मग चित्राबद्दल एक अख्खं पान. चित्रकारानं चूक केली आहे, किंवा त्याला खरं दाखवायचं नव्हतं. कापूस वेचणारा माणूस ताठ उभा राहत नाही. माझ्या पेपरातलं तेवढं एकच पान असं होतं की जे कुठूनही उतरवलेलं नव्हतं. आणि नियम नियम होता. तीन पुस्तकं लिहिली आणि खाली चौथा संदर्भ लिहिला.

आईला वाचता येत नव्हतं. तिनं मला नाव दाखवायला लावलं. त्यावरून बोट फिरवलं. "इतलंसं?" म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या ओट्याला माहीत होतं.

आणि मग तो तास. तो तुम्ही सुरुवातीलाच पाहिलात.

तास संपल्यावर मंगला माझ्याजवळ आली. आमच्याच गल्लीतली, मागच्या बाकावरची, बोलायला कमी. तीच एक हसली नव्हती.

"तुझी आई नाकात नाही बोलत," ती म्हणाली. "मी रोज ऐकते तिला. ते तू घातलंस."

मी तिला म्हटलं, "जा गं, मोठी आली."

घरी आई वाटच पाहत होती. "मनं नाव वाचं का बाईनी?"

"वाचलं. अख्ख्या वर्गात."

"मंग? काय बोलनात?"

"सगळे खूश झाले."

एकही शब्द खोटा नव्हता. एवढं सफाईदार खोटं मी पुन्हा कधी बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी मला बोलावलं. पेपर चांगला होता, वर्गातला सगळ्यात चांगला. स्नेहसंमेलनात ट्रस्टी येणार, त्यांच्यासमोर त्यातलं वाचायचं. "फक्त तो क्रमांक चार काढ. संदर्भ म्हणजे पुस्तक. आई काही संदर्भ नसते. आणि हे बघ, वाचून झाल्यावर ती गंमत कर. त्या दिवशी केलीस ती. पाहुणे हसतील."

म्हणजे चित्राबद्दलचं पान राहील. आईचं नाव जाईल. आणि नाकातला आवाज राहील.

मी काय म्हणाले? ऐका. मी म्हणाले, "हो बाई." मी पेपर नव्यानं, सुवाच्य अक्षरात लिहिला, संदर्भ तीन. आणि चार दिवस शाळेच्या गच्चीवर मी त्या गमतीची तालीम केली. उकिडवं बसताना एक तोल जाऊन पडणंही घातलं त्यात. माझं मलाच हसू आलं. मंगलानं जिन्यातून पाहिलं. "तुझी आई येणार आहे संमेलनाला," ती म्हणाली. "माझी पण येणार आहे. तिचंही काही करून दाखव ना."

संमेलन दुपारी होतं. मैदानात मांडव. पुढं खुर्च्यांवर ट्रस्टी, त्यांच्या मागं बँकेतले आणि ऑफिसातले पालक. सगळ्यात मागं सतरंज्यांवर आमचे. आई तिच्या चार मैत्रिणींना घेऊन आली होती. गठ्ठे तसेच ठेवून. अंगावर लग्नातली हिरवी साडी. मी स्टेजवरून तिला लगेच ओळखलं. ती हात वर करून मैत्रिणींना मला दाखवत होती.

मी वाचलं. आवाज माझा चांगला होता, तो तेव्हाही चांगला होता. चित्राचं पान वाचलं. मग संदर्भ एक, दोन, तीन. कागद संपला. पडद्याआडून बाईंनी खूण केली, आता उकिडवी बस. पुढच्या दोन रांगा आधीच हसऱ्या चेहऱ्यानं सावरून बसल्या होत्या. त्यांना सांगून ठेवलेलं होतं.

माझे गुडघे वाकले होते. खरं सांगते, अर्धे वाकले होते. तेवढ्यात मला त्या चित्रातली ताठ माणसं आठवली. आणि आईची वाकलेली पाठ. मी उभी राहिले.

"संदर्भ चार," मी म्हटलं. कागदावर तो नव्हता. "सुभद्राबाई महादू, राहणार नवागाम. त्यांनी विचारलं, अमेरिकाना कापूस बी बोटे फाडस का व?"

नाकातून नाही. तिच्याच आवाजात, साधं.

तरी पुढच्या रांगा हसल्या. हसायचं ठरलेलंच होतं. एक गुजराती ट्रस्टी "बहु सरस!" म्हणाले. आणि मागं, सतरंजीवर, आईनं आजूबाजूला पाहिलं, लोक हसताहेत हे तिला दिसलं, तिनं पदर तोंडाला लावला आणि तीही हसली.

जशी मी वर्गात हसले होते. अगदी तशीच.

तो क्षण मला आजही पुसता येत नाही. हे हसणं आम्ही कुठं शिकलो? आपल्यावर हसू आलं की सगळ्यांच्या आधी आपणच हसायचं, म्हणजे लागत नाही. ती ते शेतात शिकली असेल. मी ते तिच्याकडून घेतलं असेल, आणि तिच्यावरच चालवलं.

मी थांबले. हसू संपू दिलं. मग तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितकंच सावकाश. या वेळी कुणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. मी खाली उतरले.

पडद्याआड बाईंनी मला अडवलं. "गुजराती पाहुण्यांसमोर आपल्या मराठीची शोभा केलीस."

"बाई, नाव लिहिलं नाही तर चोरी होते. तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं."

"उद्धट," त्या म्हणाल्या. त्यानंतर ते गुळगुळीत पुस्तक मला मिळालं नाही. मी हात धुणंही सोडलं.

परतताना आईनं विचारलं, "बाई खूश व्हयनी का?" मी म्हटलं, "हो." आणखी एक खोटं.

आता आई सत्तरीची आहे. बोटांत कात्री धरवत नाही. आजही सुनांना सांगते, अमेरिकेच्या कागदात माझं नाव आहे, अख्ख्या वर्गात वाचलं, सगळे खूश झाले. मी शेजारी बसलेली असते आणि गप्प असते. आयुष्यभर बोलणारी बाई तेवढ्यापुरती गप्प.

हे लिहिलेलं मी येत्या रविवारी तिला वाचून दाखवणार आहे. सगळं. उकिडवी बसले तेही, नाकातला आवाजही, तोल जाऊन पडायची तालीमही. गाळणार काही नाही. ती बहुतेक हसायला लागेल. मी थांबेन. हसू संपू देईन. मग तो भाग पुन्हा वाचेन.

ती विचारेल, यात माझं नाव कुठं आहे. मी तिचं बोट धरून त्यावर ठेवेन. आणि त्याखाली दुसरी एक यादी लिहिली आहे, तिच्यावर हसलेल्यांची, तीही दाखवेन. त्या यादीत क्रमांक एकला मी आहे.