दुसऱ्यांच्या वस्तूंचं घर

ऑपरेशन थिएटरमध्ये ताईचा शब्द शेवटचा. टाके घालायच्या आधी कापसाचे बोळे, चिमटे, कात्र्या मोजून व्हायच्या आणि तिने "बरोबर" म्हटलं की मगच सर्जन सुई हातात घ्यायचे. तिच्या ट्रॉलीवर कुठली वस्तू कुठे आहे हे डोळे मिटून सांगता यायचं. हीच ताई आईवडिलांकडे गेली की साधं नेलकटर शोधण्यात तिचा अर्धा तास जायचा. ते सापडायचं कुठे? तर एका जुन्या रेडिओच्या पोटात. कारण बाबांच्या मते ती जागा "लक्षात राहण्यासारखी" होती.

बाबांना सगळी पेठ मिस्त्री म्हणायची. मिक्सर, इस्त्री, पंखा, रेडिओ, काहीही बिघडलं की मिस्त्रींकडे टाकायचं. त्यांचं दुकान कोपऱ्यावर होतं. रस्ता रुंद करायला ती इमारत पाडली, तेव्हा दुकानातलं सगळं सामान त्यांनी घरी आणून ठेवलं. घर पेठेपासून लांब, गिऱ्हाइकांना माहीत नसलेलं. "तात्पुरतं," असं ते म्हणाले होते. त्या तात्पुरत्याला बघता बघता अकरा वर्षं झाली. पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळात दोन्ही बाजूंना फळ्या आल्या, फळ्यांवर मिक्सर, मिक्सरवर इस्त्र्या, आणि खाली जमिनीवर पंखे. माणसाला आडवं चालत जावं लागे. ताईने बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका सकाळी आई चहाचं भांडं घेऊन त्या बोळातून येत होती. एका टेबलफॅनच्या वायरीत तिचा पाय अडकला, ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन ताईच्याच हॉस्पिटलात झालं. पण घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आत थांबायचं नाही असा तिथला नियम. वीस वर्षं जिच्या शब्दाशिवाय टाका पडला नाही ती बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिली, आणि आत कोण मोजतंय, नीट मोजतंय ना, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आठवड्याभरात घरी सोडू. वॉकर घेऊन चालायचं. घरात वाट मोकळी आहे ना, सिस्टर?"

"हो, आहे की," ताई म्हणाली. म्हणताना तिचे कान तापले.

तिने रजा टाकली आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन घरी गेली. बोळाच्या तोंडाशी तो अडकला. आतही जाईना, बाहेरही येईना. बाबांनी चष्मा लावून तो सगळ्या बाजूंनी न्याहाळला.

"जरा रुंद आहे," ते म्हणाले.

"वॉकर रुंद नाहीये, बाबा."

"वेल्डिंगवाल्याकडून पाय थोडे आत घेता येतील."

ताईने पदर खोचला. टाकायचं, द्यायचं, ठेवायचं, असे तिने तीन ढीग केले. पुढची खोली, बोळ, स्वयंपाकघराचा माळा. शेगड्यांच्या गंजलेल्या तबकड्या, तुटकी बटणं, डबे नसलेली झाकणं. संध्याकाळपर्यंत पोती भरून दाराशी लावली आणि ती आईला जेवण भरवायला हॉस्पिटलात गेली.

"झाकणं टाकू नकोस हं," आई उशीवरूनच म्हणाली. "डबे सापडतील कधीतरी."

"तू आधी बरी हो."

"बरी होतेच आहे. पण झाकणं टाकू नकोस."

परत आली तर दाराशी पोती नव्हती. सगळं जिथल्या तिथे. तबकड्यासुद्धा पुसून मांडलेल्या. बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. तिने भरायचं, त्यांनी उपसायचं. मधल्या वेळात दूरच्या शहरातून धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, सगळं एकदम काढू नकोस. एकेक खोली घे. आणि बाबांना जरा प्रेमाने समजाव."

"तू ये ना प्रेम घेऊन."

"मला सुट्टी कुठे आहे? बरं, माझा कॅरम तेवढा टाकू नकोस."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तो कॅरम उचलायला गेली तेव्हा त्याच्यामागून पंखा निसटला आणि तिच्या पायावर आदळला. तोच, आईला पाडणारा पंखा. एवढे दिवस आवरून धरलेलं सगळं तिथे सुटलं.

"बाबा, आई ह्याच्यामुळे पडली! ह्या भंगारापायी! तिचं हाड मोडलं, आणि तुम्हाला अजून तबकड्या पुसायच्या आहेत?"

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"मला माहीत आहे कशामुळे पडली ते," ते म्हणाले. "रात्रंदिवस दुसरं काही डोक्यात नाही. पण ताई, ह्या वस्तू माझ्या नाहीत. मी टाकू कशा?"

"तुमच्या नाहीत म्हणजे?"

त्यांनी पंख्याची मान वळवली. मागे दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता. त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'निळं फाटक, सासूबाई'. त्यांनी मिक्सर पुढे ओढला. 'शिंपी.' रेडिओ. 'निवृत्त मास्तर, जिन्याखालचं घर.' ताईने रागाच्या भरातच मिक्सरची वायर भिंतीत खुपसली. तो घरघरत सुरू झाला. इस्त्री लावली, ती तापली.

"सगळ्या दुरुस्त आहेत?"

"मग? काम अर्धं टाकतो का मी? दुकान पाडायच्या आधी लोकांना न्यायला जमलं नाही. मला वाटलं, शोधत येतील. नाही आले."

"अहो, मग तुम्ही नेऊन द्यायच्या!"

"पहिल्या वर्षी म्हटलं, पुढच्या महिन्यात जाऊ. मग तसंच राहून गेलं. नंतर लाज वाटायला लागली. इतक्या उशिराने कुठल्या तोंडाने जायचं?"

ताई चिडली होतीच, आता दुप्पट चिडली. नुसता कंजूषपणा असता, वेड असतं, तर त्याच्याशी भांडता आलं असतं. प्रामाणिकपणाशी कसं भांडायचं? आणि ह्या प्रामाणिकपणाचा ज्यांना फायदा व्हायचा त्यातल्या कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. भोगलं ते आईने.

"उद्या टेम्पो बोलावते," ती म्हणाली. "सगळ्यांचं सगळं परत द्यायचं. तुम्ही माझ्यासोबत यायचं."

सकाळी बाबांनी धुतलेला शर्ट बाहेर काढला. इस्त्री लोकांच्या मालकीची म्हणून तो तसाच चुरगळलेला घातला. टेम्पोवाल्याने मागे सामान रचलं आणि तिघं पुढच्या बाकावर दाटीवाटीने बसून निघाले.

निळं फाटक आता हिरवं झालं होतं. एक बाई बाहेर आली आणि म्हणाली, हा पंखा आमचा नाही. मग पुठ्ठा वाचून तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई, हा तर आमच्या सासूबाईंचा! त्या जाऊन किती दिवस झाले. आता पंखा घेऊन मी काय करू? तुम्हीच ठेवा." बाबा म्हणाले, "नाही बाई, तुमचा तो तुमचा," आणि पंखा फाटकाच्या आत ठेवून झटकन मागे फिरले. एखादं मांजर सोडून पळावं तसे.

दुसऱ्या पत्त्यावर घरच नव्हतं. तिथे उंच इमारत झाली होती आणि पहारेकरी टेम्पो फाटकात उभा राहू देईना. शिंप्याने मात्र मिस्त्रींना पाहून कात्री खाली ठेवली. "अहो, तुम्ही होता कुठे? मी तर समजलो..." मिक्सर त्याने आनंदाने घेतला. आणि आतून शिलाई मशीनची मोटर आणून बाबांच्या हातात दिली. "जरा बघा हो. कुणाला जमेना."

"नाही!" ताई टेम्पोतून ओरडली. "बाबा, खाली ठेवा ती!"

पण बाबांनी ती कानाशी नेऊन फिरवूनही पाहिली होती. "आतला कार्बनचा तुकडा झिजलाय नुसता," ते म्हणाले आणि मोटर मांडीवर घेऊन बसले. टेम्पोवाला हसला. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गुपचूप गाडी सुरू केली.

जिन्याखालच्या घरात निवृत्त मास्तर अजून होते. रेडिओ बघून त्यांचा चेहरा खुलला नाही, उलट आखडला.

"इतकी वर्षं वापरलात आणि आता जुना झाल्यावर आणून देताय?" ते म्हणाले. "मी दोनदा आलो होतो. दुकान पाडलेलं. म्हटलं, माणूस रेडिओ घेऊन पसार झाला."

बाबांच्या हातात रेडिओ तसाच. आदल्याच दिवशी ताई स्वतः त्यांना ह्याहून वाईट बोलली होती. पण हे परक्याच्या तोंडून ऐकलं आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"वापरला?" ती पुढे झाली. "तुमच्या रेडिओपायी माझ्या आईला घरात धड चालता आलं नाही, आणि तुम्ही वापरला म्हणता? बटण फिरवा. फिरवा ना! स्वतःचं घर अडवून जपला त्यांनी तो."

मास्तरांनी बटण फिरवलं. आवाज खणखणीत आला. ते काहीतरी पुटपुटले, "बसा, चहा घ्या," असंही म्हणाले. पण बाबा तोवर जिन्यापासून लांब गेले होते.

टेम्पोत निम्म्याहून जास्त सामान उरलं होतं.

"ताई," बाबा समोर बघत म्हणाले, "बाकीचं भंगारात दे."

हेच वाक्य ऐकायला ती इतकी वर्षं घसा कोरडा करत होती. आता ऐकलं तर तिला मुळीच हलकं वाटलं नाही. "अजून दोन-चार घरं बघू की," ती म्हणाली. बाबांनी नकाराची मान हलवली.

भंगारवाल्याने काटा पुढे ओढला. बाबा म्हणाले, "थांबा," आणि एकेका वस्तूचा पुठ्ठा सोडायला बसले. गाठी जुन्या, घट्ट बसलेल्या. भंगारवाला म्हणाला, "काका, राहू द्या ते." बाबा म्हणाले, "माणसांची नावं आहेत. तुमच्या ढिगात नको." ताई कात्री मागायला निघाली होती. मग तीही त्यांच्याशेजारी उकिडवी बसली आणि नखांनी गाठी सोडू लागली. ऊन डोक्यावर आलं, टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. पण दोघांनी घाई केली नाही.

आई घरी आली. वॉकर बोळातून सरळ गेला. अर्ध्यात थांबून तिने दोन्ही भिंतींकडे पाहिलं. फळ्यांच्या जागी पांढरट पट्टे उरले होते. "केवढा मोठा आहे गं हा," ती म्हणाली, आणि मग बाबांवर उखडली, "एवढी वर्षं मला आडवं चालायला लावलंत!" बाबांनी मान खाली घातली, आणि तिच्या मागे एक हात पुढे करून चालत राहिले, ती पडलीच तर म्हणून.

सगळं सुरळीत झालं म्हणावं तर तसंही नाही. मोटर न्यायला आलेल्या शिंप्याने मिस्त्रींच्या घराचा पत्ता पेठभर केला आणि लोक घरच्या दाराशी यायला लागले. आता आई पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसते. येणाऱ्याला तिचं एकच विचारणं, "न्यायला कधी येणार?" उत्तर पटलं नाही तर वस्तू उंबऱ्याच्या आत येत नाही. तरी एखादी इस्त्री नजर चुकवून बोळात शिरतेच. ताई सुट्टीच्या दिवशी येते, चपला काढायच्या आधी बोळात डोकावते, आणि मग आतून तिचा आवाज येतो, "बाबा! ही कुणाची?"