गुरुदत्तच्या घरची तलवार

गुरुदत्तच्या घरात तलवार आहे, हे ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स उपनगरातल्या यच्चयावत मराठी माणसाला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं त्याला गुरुदत्त स्वतः सांगायचा. बारसं असो, गणपती असो, कुणाच्या नव्या घराची पूजा असो, हातात प्लेट आली की दुसऱ्या घासाला राजा हजर! "आमचे मूळपुरुष राजे होते. गोदावरीच्या पलीकडं राज्य होतं. राज्य गेलं, तलवार राहिली. सोलापुरात आमच्या देवघरात आहे." ऐकणारे बिचारे माना डोलवायचे आणि हळूच जिलबीकडं बघायचे.

बरं, माणूस वाईट होता का? छे हो. सोलापूरच्या तेलुगू वस्तीत वाढलेला, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारा, सिव्हिल इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरी करून इथं आलेला. नव्या वसाहतींचं पावसाचं पाणी साठवायला तळी लागतात, ती खोदून घेणं हे त्याचं काम. गमबूट चढवून दिवसभर चिखलात उभा राहील, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं लॉन न सांगता कापून देईल. फक्त वंशाचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं.

त्याची जात कुठली ते इथं लिहीत नाही. लिहून करायचंय काय? उगाच कुणाचे तरी फोन यायचे. एवढंच सांगायचं तर, ही गावोगाव तलाव नि विहिरी खणणारी माणसं, असं बाहेरचे लोक म्हणायचे. जातीतले शिकलेले म्हणायचे, सगळं खोटं! आपण सूर्यवंशी राजे. राज्य गेल्यावर रानात लपलो, पोटासाठी माती उचलावी लागली. गुरुदत्तच्या वडिलांनी यावर सोलापुरात कित्येक भाषणं ठोकली होती आणि शेवट ठरलेला असायचा, "पुरावा पाहिजे? पुरावा माझ्या देवघरात आहे!"

तो पुरावा कुणी पाहिला होता म्हणाल, तर एकाही पुरुषानं नाही. लाल रेशमी कापडात गुंडाळलेली ती वस्तू. खंडेनवमीला घरातली थोरली बाई सुनेला घेऊन आत जायची, दार लावायची, जुनं कापड सोडून नवं गुंडाळायची. पुरुषांनी उघडी बघायची नाही, बघितली तर वंश बुडतो, अशी रीत. सगळे बापे हात जोडून दाराबाहेर उभे. गुरुदत्त लहानपणापासून त्या दाराबाहेर उभा राहिलेला होता. घरातलं प्रत्येक लग्नही तिच्यासमोरच ठरायचं.

आणि इथंच माशी शिंकली. त्याची मुलगी सिद्धी वेलिंग्टनला सरकारी खात्यात नोकरीला लागली आणि तिथं तिला मैत्रेय भेटला. नागपूरकडचं बौद्ध कुटुंब. वडील यादवराव 'ते रापा' नावाच्या गावी दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर. एका रविवारी यादवराव आणि मैत्रेय रीतसर मागणी घालायला बॉटनीला आले. गुरुदत्तची बायको मृदुला हिनं उपमा केला, चहा दिला. चहा संपल्यावर गुरुदत्त म्हणाला, "यादवराव, आमच्या घरात तलवार आहे. तिच्यासमोर आजवर जातीबाहेरचं लग्न ठरलेलं नाही आणि ठरणारही नाही."

यादवरावांनी कप खाली ठेवला. "आमच्याकडं तलवार नाही," ते म्हणाले. "मुलगा आहे. तो घेऊन आलो होतो." आणि बापलेक उठून गेले.

त्या दिवसापासून सिद्धी बापाशी बोलेना. "इट्स अ सोर्ड, नान्ना," हे तिचं शेवटचं वाक्य. "अ सोर्ड!" पोरीनं सोलापूरला अव्वाला, म्हणजे गुरुदत्तच्या आईला, फोन लावला आणि ढसाढसा रडली. म्हातारी नरसम्मा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मी येते तिकडं. तिलाही घेऊन येते. काय ते तिच्यासमोरच ठरवू."

गुरुदत्तला तर आनंदाचं भरतं आलं. आई आपल्या बाजूनं! साक्षात तलवार न्यूझीलंडात! रजा टाकून तो आईला आणायला स्वतः सोलापूरला गेला.

ऑकलंडच्या विमानतळावर मायलेक उतरल्यावर सगळं सामान तपासणीच्या टेबलावर गेलं. या देशाला परक्या मातीची आणि किड्यामुंग्यांची भारी धास्ती, सफरचंदसुद्धा आत नेऊ देत नाहीत. तिथली बाई हसून "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली आणि आत काय आहे ते विचारलं. गुरुदत्तनं मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तलवार. आमच्या राजघराण्याची."

बाईनं एक्स-रेच्या पडद्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. "सॉरी, मला उघडून बघावी लागेल."

आता आली का पंचाईत! पण गुरुदत्त पक्का. त्यानं तिथल्या तिथं पाठ फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून, हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला. मागं रेशमाची सळसळ झाली. मग स्टीलच्या टेबलावर काहीतरी जड, बोजड ठेवल्याचा ठण्ण आवाज आला.

"सर," बाई म्हणाली, "ही तलवार नाहीये."

तो वळला. वंश बुडायचा तर बुडो, वळला. टेबलावर कुदळ होती. झिजून निम्मी झालेली, हाताच्या घामानं काळ्या पडलेल्या तोकड्या दांड्याची कुदळ, आणि तिच्या पात्यावर वाळलेला गाळ.

गुरुदत्तच्या तोंडातून शब्द फुटला तो भलताच. "अम्मा, चोरी झाली! कुणीतरी तलवार काढून घेतली आणि हे ठेवलं!"

"कोण चोरतंय मेलं," नरसम्मा म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून हीच आहे. माझ्या सासूच्या वेळीही हीच होती. दर वर्षी तलावाचा थोडा गाळ लावायचा हिला, अशी रीत."

"आणि राजा?"

"होता की राजा. आपल्या माणसांनी त्याचा तलाव खणला. पाणी लागलं त्या दिवशी तो बघायला आला होता म्हणे. तेवढीच काय ती आपली नि राजाची ओळख."

"मग दादांची भाषणं? अख्खा जन्म तो माणूस..."

"तुझ्या बापाला दार ढकलायची छाती झाली नाही कधी. एवढा आनंदात असायचा, म्हणून आम्ही बायकाही गप्प बसलो. चुकलंच ते." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "पोरीचं लग्न मोडायला निघालास, तेव्हा म्हटलं आता बास. घरी तुला समोर बसवून उघडणार होते. ही बाई आधी उघडून बसली."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते गुरुदत्तला त्या गुळगुळीत फरशीवर कळलं. पन्नाशीपर्यंत एका कुदळीला हात जोडले! आणि जन्म कशात गेला? तळी खणण्यातच ना? त्याला हसू आलं की रडू, त्याचं त्याला समजेना.

ती बाई समजावून सांगत होती. पात्याला माती आहे, दांड्याला किडीची भोकं आहेत. स्वच्छ करून, औषधाची प्रक्रिया करून काही दिवसांनी परत मिळेल. नको असेल तर इथंच सोडा, आम्ही नष्ट करू. "तुम्ही म्हणाल तसं."

आणि मग त्या मेल्या बुद्धीनं कच खाल्ली. कुदळ घरी नेली की बॉटनी हसणार. यादवराव हसणार. पण इथंच राहिली तर? 'कस्टमवाल्यांनी आमची तलवार घेतली.' वाक्य आपोआप तयार झालं. कोण बघायला येतंय?

"डिस्ट्रॉय इट," गुरुदत्त म्हणाला.

नरसम्माला इंग्रजी येत नव्हतं, पण बाईनं पिवळी पिशवी काढली तेव्हा तिला समजलं. ती ओरडली नाही. पुढं झाली, दोन्ही हात पात्यावर ठेवले, कपाळाला लावले आणि तेलुगूत पुटपुटली, "पाणी दिलंस ग बाई. आम्हाला माफ कर." मग लाल कापडाची घडी केली आणि छातीशी धरली. गुरुदत्तला तिच्याकडं बघवेना.

बाहेर मृदुला आणि सिद्धी उभ्या होत्या. आणि येऊ नकोस असं बजावून सांगितलेलं असूनही मैत्रेय होता, अव्वासाठी गरम जॅकेट घेऊन.

"वेअर इज इट, नान्ना?"

"घेतली," गुरुदत्त म्हणाला. "आपली तलवार काढून घेतली ग त्यांनी. गेली." आणि त्याचा आवाज खरोखरच चिरकला.

सिद्धीनं त्याला घट्ट मिठी मारली. "आय ॲम सो सॉरी, नान्ना." इतक्या दिवसांनी पोर बोलली, आणि ते या थापेवर! मैत्रेय म्हणाला, "काका, आपण तक्रार करू. माझा एक मित्र वकील आहे."

"नको, नको!" गुरुदत्तला घाम फुटला. "जाऊ दे. नशीब आपलं."

सिद्धी आणि मैत्रेय सामानाच्या ट्रॉलीकडं वळले. आता आधाराला एक मृदुलाच, म्हणून त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिचं लक्ष मात्र सासूच्या हातातल्या रिकाम्या कापडाकडं होतं. डोळे भरून आले होते.

"दांडा तरी ठेवून घ्यायचा होता हो, अम्मा," ती हळूच म्हणाली.

गुरुदत्त जागच्या जागी थिजला. "तुला... तुला माहीत होतं?"

"अहो, लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीपासून."

म्हणजे एवढी वर्षं! दर पार्टीत तो राजाची गोष्ट सांगत होता तेव्हा ही बाई शेजारी उभी राहून लोकांना जिलबी वाढत होती! आणि आत्ता, या क्षणी, तो खोटं बोलतोय हे तिलाही माहीत, आईलाही माहीत.

नरसम्मानं मैत्रेयला हाक मारली. "पोरा, इकडं ये. तलवार गेली म्हणतो हा. आमच्यात लग्न तिच्यासमोर ठरायचं. आता तीच नाही, तर अडलंय कुणाचं? तुझ्या बापाला फोन लाव." मग मान वळवून लेकाकडं पाहिलं. "काय रे गुरू, तलवारच होती ना?"

त्यानं तोंड उघडलं. नाही म्हणावं तर कुदळ बाहेर येते. हो म्हणावं तर पोरगी जातीबाहेर जाते.

"हो," तो म्हणाला. "तलवारच होती."

"मग तूच सांग त्यांना."

मैत्रेयनं फोन पुढं केला. पलीकडून यादवरावांचा शांत आवाज आला, "हॅलो?"

सिद्धी बघत होती. गुरुदत्तनं फोन कानाला लावला. "यादवराव, मी गुरुदत्त," तो म्हणाला. "आमच्याकडं तलवार नाही." पुढं काय म्हणायचं, ते त्याच्याच घरात, त्याच्याच सोफ्यावर बसून यादवरावांनी त्याला ऐकवलं होतं.

"मुलगी आहे."