पंपाचा आवाज

दुकानात पांढऱ्या नळ्या आडव्या मांडल्या होत्या. त्यांतून पाणी सतत वाहत होतं आणि वरच्या भोकांतून पालक, पुदिना डोकं काढून उभे होते. माती कुठेच नव्हती. "पंपाचा आवाज किती बारीक आहे बघा ताई, बंद केला तरच कळतो," म्हणत दुकानदाराने बटण दाबलं. पाणी थांबलं आणि मी एकदम ओरडले, "चालू करा! आधी चालू करा!"

तो हसला. "लगेच काही होत नाही हो. वीज गेली तरी तास-दोन तास मुळं तग धरतात."

तास-दोन तास! घरी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन आहे. त्याची घरघर चालू असली की मी भाजी चिरते, फोनवर बोलते. ती जरा अडखळली की हातातलं टाकून धावते. मातीतल्या झाडाची मुळं झाकलेली असतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. अण्णांना पडल्या पडल्या काहीतरी हिरवं दिसावं, एवढ्यासाठीच मी आले होते. पण वायरीवर जगणारं आणखी एक कुणी घरात न्यायचा धीर होईना. मी बिनपंपाची काचेची बरणी घेतली. तिच्यात नुसतं साठलेलं पाणी आणि पुदिन्याच्या चार काड्या.

घरी आल्यावर मी बरणी अण्णांच्या पलंगाशेजारी ठेवली. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"ह्याचा आवाज येत नाही?"

"नाही अण्णा. म्हणून तर हीच आणली."

"मग हे जिवंत आहे, ते तुला स्वयंपाकघरात कळणार कसं?"