पारखून आणलेली कडी

आमच्या घरात वस्तू निवडून आणायचं काम ह्यांचं आणि बसवायचं काम माझं. ही वाटणी आम्ही बसून ठरवलेली नाही. स्वयंपाकघरातल्या एका नळाने ती करून दिली.

हे नगरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायला असते. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्या मूळच्या पाथर्डी तालुक्यातल्या. अर्धं आयुष्य ऊसतोडीला जाण्यात गेलं, पण जिभेची धार अजून गेलेली नाही. मुलगा शिक्षक झाल्यापासून त्या त्याला नावाने हाक मारत नाहीत, ‘मास्तर’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

तर तो नळ. प्लंबरने बसवलेला नवा नळ एक उन्हाळाही धड टिकला नाही, आणि ह्यांनी जाहीर केलं, “यापुढे घरातली कामं आपली आपण करायची. आणि माल एक नंबरचा आणायचा.” दुसऱ्या दिवशी फ्रिजवरची स्ट्रॉबेरी गायब. म्हणजे महाबळेश्वरहून आणलेलं, स्ट्रॉबेरीच्या आकाराचं लोहचुंबक. ते खिशात घालून हे हार्डवेअरच्या दुकानात निघाले. अस्सल पितळेला चुंबक चिकटत नाही, असं कुठेतरी वाचलं होतं. मी सोबत होते, म्हणून सांगते. दुकानदाराने एकेक नळ पुढे ठेवावा आणि ह्यांनी त्याला स्ट्रॉबेरी लावावी. तिसऱ्या नळाला ती घट्ट चिकटली.

“आत स्प्रिंग असेल, सर,” दुकानदार म्हणाला.

“नळात स्प्रिंग?” हे म्हणाले. दुकानदाराने तो नळ मुकाट्याने मागे ठेवला.

शेवटी असा वजनदार नळ मिळाला की पिशवीचे बंद ताणले गेले. घरी येऊन ह्यांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला, नळाच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळली आणि नळ बसवला. पाणी सोडलं, तर ते नळाच्या तोंडातून आलं आणि भिंतीजवळच्या सांध्यातूनही आलं. मग टेप हलकी ठरली. दुसरी टेप आली, मग तिसरी, जाड. सांधा गळतच राहिला. सासूबाईंनी खाली पातेलं लावलं आणि ते पाणी कढीपत्त्याला घालायला लागल्या.

“मास्तर, नळ लई भारी आनलाय,” त्या म्हणाल्या. “पन पानी त्येच्या मागून यायलंय.”

मी टॉर्च धरून उभी होते. ह्यांच्या हाताकडे पाहता पाहता लक्षात आलं, की नळ ज्या बाजूला फिरवून आवळायचा, त्याच्या उलट बाजूने टेप गुंडाळली जातेय. आवळताना ती उलगडणारच.

“अहो, उलटं होतंय.”

“व्हिडिओत असंच दाखवलंय.”

मी व्हिडिओ पाहिला. त्या माणसाच्या मागे एक रंगाचा डबा होता आणि डब्यावरची अक्षरं उलटी होती. बिचाऱ्याने मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने स्वतःलाच टिपलं होतं, त्यामुळे सगळं आरशातल्यासारखं दिसत होतं. ह्यांनी सगळी टेप पारखली, पण अक्षरं काही वाचली नाहीत. मी टेप सुलट गुंडाळून नळ आवळला, सांधा कोरडा झाला. हे बराच वेळ बोट फिरवून ओल शोधत राहिले. मग म्हणाले, “बघ, टेप चांगली होती म्हणून.”

त्या दिवसापासून पाने आणि पक्कड माझ्या ताब्यात आली.

अक्षरं न वाचल्याचं मात्र ह्यांनी मनाला लावून घेतलं. पुढे माझ्या स्कूटरचे पुढचे ब्रेक शू बदलायचे होते, तेव्हा पार्ट्सच्या दुकानात हे डब्यावरचा शब्दन् शब्द वाचायला लागले. माल अस्सल असल्याचं सांगणारा ‘जेन्युइन’ हाच शब्द चुकलेला निघाला. ह्यांनी खिशातून पेपर तपासायचं लाल पेन काढलं आणि त्या शब्दाभोवती गोल केला.

“सर, डबा चुकलाय, माल बरोबर आहे,” काउंटरवरचा माणूस काकुळतीला आला.

“ज्याला ‘अस्सल’ धड लिहिता येत नाही, त्याचा ब्रेक धड लागेल?”

त्या माणसाने आतून दुसरा डबा आणला. तो ह्यांनी दोनदा वाचला आणि पास केला. शू मी बसवले, आणि गॅरेजवाल्याला दाखवून घेतले, कारण नळ गळाला तर खाली पातेलं लावता येतं, ब्रेकला ती सोय नाही. ही गोष्ट गल्लीत पसरली. लोक दिवे, पंख्याचे कपॅसिटर, मिक्सरची भांडी घेऊन यायला लागले, “सर, एवढं वाचून द्या.” हे चष्मा लावून दारात बसायचे. निकाल लागेपर्यंत चहा मी करायचा.

दसऱ्यानंतर आम्ही दोघं स्कूटरवरून पाथर्डीकडे निघालो. नणंद आणि तिचे मालक, त्यांना आम्ही दाजी म्हणतो, दरवर्षीप्रमाणे ऊसतोडीला निघायचे होते. निरोप द्यायला जायचं, एवढंच डोक्यात होतं. सासूबाई आदल्या दिवशीच एसटीने पुढे गेल्या होत्या. करंजी घाटाच्या उतारावर हे मागून सारखं विचारत होते, “लागतोय ना नीट?” शेवटी मी सांगितलं, ब्रेक लागतोय, तुम्ही माझा खांदा सोडा.

पोचलो तेव्हा नणंद भांडी पोत्यात भरत होती. घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे. दाराची कडी गंजून अर्धी झाली होती.

“दादा, बरं झालं आलास,” ती म्हणाली. “तू म्हनं लई पारखून आनतोस. येवढी एक कडी बघून दे. चार-पाच म्हैने दार बंद ऱ्हानार.”

बाजारात नणंद, हे आणि मी असे तिघं गेलो. मला वाटलं, आता स्ट्रॉबेरी निघणार, गंमत होणार. पण खिशातून काही निघालं नाही. हे एकेक कडी-कोयंडा हातात घेऊन वाकवून पाहत होते, परत ठेवत होते. दुसरं दुकान, तिसरं दुकान. नणंद कावली.

“दादा, मुकादमाचा ट्रक तुझ्या कडीसाठी थांबनार न्हाई बरं.”

ह्यांनी पुढची कडी मागितली. मला तेव्हा सासूबाईंनी पूर्वी सांगितलेलं आठवलं. आईबाप ऊसतोडीला गेले की हे शाळेसाठी गावातच मावशीकडे राहायचे. शाळा सुटली की आधी आपल्या बंद दारापाशी जायचे, कडी हलवून बघायचे आणि मग मावशीकडे जेवायला जायचे. मी ह्यांची थट्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

शेवटी जाड पट्टीची कडी मिळाली, स्क्रूऐवजी आरपार बोल्टची. घरी आल्यावर सासूबाईंनी ती हातावर तोलली.

“आमच्या येळंला कडीला तार पिळून जायचो. घरात हुतंच काय? येक जातं. त्ये कोन उचलून न्हेनार?”

“मंग आता तरी काय हाय?” नणंद हसली.

हे म्हणाले, “असू दे. परत आल्यावर दार जसंच्या तसं दिसलं पाहिजे.”

शेजाऱ्याची ड्रिल मशीन आणून मी भोकं पाडली. दारात ड्रिल नीट अडून अडून गेलं. चौकटीत मात्र लोण्यात सुरी जावी तसं गेलं. मला वाटलं, हात बसला आपला. बोल्ट आवळले. दाजींनी कुलूप घालून कडी दोन्ही हातांनी ओढली, पाय भिंतीला लावून ओढली. ढिम्म हलली नाही. ह्यांचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू!

ट्रक गेला. नगरला आल्यावरही ह्यांचा त्या गावातल्या कुणाशी फोन झाला, की शेवटी सहज विचारल्यासारखं यायचंच, “आमच्या बहिणीकडचं दार बंद आहे ना?”

उन्हं तापायला लागली तेव्हा मंडळी परतली. नणंदेचा फोन आला. हे गडबडले म्हणून मी उचलला आणि स्पीकर लावला.

“वैनी, दादाला सांग, कडी येकदम झ्याक हाय. गंज न्हाई, काय न्हाई.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. भुवया वर.

“आन् कुलूप काढायच्या आदीच दार उघडलं.”

“म्हणजे?” ह्यांनी विचारलं.

“चौकट वाळवीनं खाल्ली. म्या दाराला हात लावला, तर कडी, कुलूप, कोयंडा समदं येकजुटीनं दारासंगं निघून आलं.”

सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. “मास्तर, कडीनं काय सोडलं न्हाई बग. चौकट घेऊन आली संगं.” घरातलं काही गेलं नव्हतं. शेजारच्या म्हातारीचं खाटलं सगळे महिने त्याच दारासमोर होतं.

रविवारी आम्ही पुन्हा पाथर्डीला गेलो. या वेळी नणंदेने आधीच सांगून टाकलं, “चौकट म्या निवडनार. लोखंडाची. वाळवीचे दात मोडू द्या. दादा, तू नुसता हुबा ऱ्हा.”

ग्रिल बनवणाऱ्याच्या शेडमध्ये तिने दोन चौकटी पाहिल्या, एकीला लाथ मारली, दुसरीला मारली, आणि दुसरी ठरवली. सगळं पाच मिनिटांत. मग आम्ही दोघी समोरच्या टपरीकडे निघालो. शेजारी रसवंती होती. मी विचारलं, “रस घेऊ या?”

“नको गं माय,” ती म्हणाली. “ऊस दिसला तरी मनगटं ठनकत्यात. च्या सांग.”

चहा आला. रस्त्याच्या पलीकडे वेल्डिंगवाला काच डोळ्यांवर घ्यायला लागला, की हे त्याला थांबवून काहीतरी विचारत होते. तो काच खाली घ्यायचा, उत्तर द्यायचा, पुन्हा वर न्यायचा.

“हुबा ऱ्हा म्हनले हुते,” नणंद म्हणाली.

“उभेच आहेत की,” मी म्हटलं, आणि आम्ही आणखी एकेक चहा सांगितला.