लाल शाईचा शेरा

शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहेत, असा निरोप आला तेव्हा प्रांजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मे महिना, पारा त्रेचाळीसच्या वर, गल्लीत सहा दिवसांनी एकदा टँकर, आणि या लोकांना सुचली काय, तर शाल. तिला हवा होता एक कागद. तो लिहायला मात्र कुणाचा हात उचलत नव्हता.

कागदाचं असं झालं. रुग्णसेवेचा वर्षाचा कोर्स करून प्रांजली शेंद्र्याच्या एका कारखान्यात गेली होती. तिथल्या रुग्णवाहिकेवर मदतनिसाची पगारी जागा होती. साहेबांनी सर्टिफिकेट पाहिलं, ठीक आहे म्हणाले, आणि रुग्णवाहिकेवर काम केल्याचं लेखी मागितलं. चार दिवसांचं का असेना, पण लेखी. काम मिळाल्याशिवाय काम केल्याचं लेखी आणायचं कुठून, हे त्यांनी सांगितलं नाही. महिनाअखेरपर्यंत जागा राखतो, एवढं म्हणाले.

म्हणून ती गारखेड्यातल्या एका सेवा संस्थेच्या मुलाखतीला गेली. संस्थेनं कोरी करकरीत रुग्णवाहिका घेतली होती आणि तिच्यावर बिनपगारी स्वयंसेवक हवे होते. फुकट तर फुकट, कागद तर मिळेल, असा तिचा हिशेब. टेबलापलीकडं अध्यक्ष श्रीनिवासराव बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा झब्बा, बोलणं मऊ. सगळ्यांना त्यांचा एकच प्रश्न होता. टँकरच्या दिवशी गल्लीत ड्रमांची रांग लागली आहे आणि पेशंट आत आहे, तर गाडी कशी नेणार? तिच्या आधीचा केयूर, इंजिनिअरिंगचा मुलगा, म्हणाला की सायरन वाजवू, नाहीच ऐकलं तर पोलिसांना फोन करू.

प्रांजलीला हसू आवरेना. तिचा बाप मुंजाबा त्यांच्याच गल्लीच्या टँकरवर पाइप धरायचा. त्याआधी वैजापूरकडं त्याची मेंढरं होती. चारा नाही, पाणी नाही, तेव्हा कळप विकून तो शहरात आला होता. रस्त्यावर गाडी आली की मेंढरं कशी बाजूला घ्यायची, हे पोरीला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक. मधल्या मेंढीला हात घातला की कळप फुटतो. पुढची वळवली की मागच्या आपसूक वळतात. तिनं ड्रमांचंही तेच सांगितलं. मधल्या ड्रमाला शिवायचं नाही, पहिल्या नंबराचा ड्रम आधी भिंतीला लावायचा, मग दुसरा, मग तिसरा. नंबर मोडत नाही म्हटल्यावर बाया स्वतःच ड्रम सरकवतात.

श्रीनिवासराव खूश झाले. वहीत उतरवूनही घेतलं. मग त्यांनी विचारलं, सध्या काय करतेस? नोकरी शोधते, प्रांजली म्हणाली. खोटं बोलावं हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

त्यावर त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. सेवेला स्थिरस्थावर घरची माणसं लागतात, ते म्हणाले, तू उद्या नोकरी लागली की जाशील. अर्जावर लाल पेनानं त्यांनी एक ओळ लिहिली, फाइल मिटली आणि पाणी घेणार का विचारलं. प्रांजली पाणी न पिता बाहेर पडली. फुकट राबायचं तरी आधी पोट भरलेलं पाहिजे, हे तिला त्या दिवशी कळलं आणि घरी जाईपर्यंत ती स्वतःशीच शिव्या देत होती.

मुलाखतीनंतर बाराव्या दिवशी सकाळी शेजारच्या सारजाबाईंच्या छातीत कळ आली. आली ती तीच गाडी, आणि गाडीवर केयूर. तो दिवस टँकरचा. सायरन नुसता बोंबलत राहिला. म्हातारी वाचावी असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण ड्रम हलला की नंबर गेला आणि नंबर गेला की सहा दिवस घरात थेंब नाही. केयूर खाली उतरला आणि गाडीपुढचा ड्रम ओढू लागला. तो होता तेविसावा. कुणीतरी मध्ये घुसतंय असं वाटून बाया त्याच्या अंगावर धावल्या.

प्रांजली सारजाबाईंना भिंतीला टेकवून बसवत होती. तो कालवा ऐकून ती रांगेच्या तोंडाशी पळाली. पहिला ड्रम सुगंधाबाईंचा, पहाटेपासून लावलेला.

"मावशी, तुमचा ड्रम भिंतीला घेते. नंबर तुमचाच पहिला. बा पाइप आधी तुमच्याच ड्रमात सोडंल."

सुगंधाबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि दुसऱ्या बाजूनं ड्रमाला हात लावला. पाच मिनिटांत सगळी रांग भिंतीला लागली. गाडी आत आली. दवाखान्यापर्यंत प्रांजलीच सारजाबाईंना धरून बसली, कारण केयूर अजून सावरला नव्हता. म्हातारी वाचली.

दुसऱ्या दिवशी प्रांजलीनं संस्थेत जाऊन तेवढ्या एका फेरीचा कागद मागितला. श्रीनिवासरावांनी खेदानं मान हलवली. तू आमची स्वयंसेवक नाहीस, नियमात बसत नाही. मात्र सत्कार नक्की करू. झाली ती हकिगत ही एवढी.

सत्काराला पन्नासेक माणसं होती. मुलाखतीत 'तू' म्हणणारे श्रीनिवासराव आता 'आमच्या प्रांजलीताई' म्हणत होते. सूत्रसंचालन केयूरकडं होतं, आणि तिची माहिती सांगता यावी म्हणून तिचा अर्ज त्याच्या हातात दिला होता. शाल अंगावर पडली. घामानं मानेला चिकटली. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला.

प्रांजलीनं शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"मला बोलायचं नाय," ती म्हणाली. "केयूरदादा, माझ्या अर्जावर सरांनी लाल शाईनं लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा."

केयूरनं कागद उलटला आणि मनातल्या मनात वाचला. श्रीनिवासराव म्हणाले की तो अंतर्गत विषय आहे, नंतर बोलू. पण त्या सकाळी तेविसावा ड्रम कुणी ओढला होता, हे केयूर विसरला नव्हता. त्यानं माइक तोंडाशी नेला.

"उत्तर उत्तम. गरजू आहे. घेऊ नये."

प्रांजलीचा आवाज चढला नाही. तिनं केयूरकडून अर्ज घेतला आणि अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला.

"गरजू हाय, खरंय. आता त्याच्याच खाली लिहा, सर. तुमच्या गाडीवर मी काम केलं, कोणत्या तारखेला, किती वाजता. शाल तुम्हाला राहू द्या."

श्रीनिवासरावांनी समोर पाहिलं. पन्नास माणसं त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी खिशातून पेन काढलं, निळं. लिहिलं, सही केली आणि कागद पुढं सरकवला. प्रांजलीनं तो उभ्यानंच पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला आणि पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला.

"शिक्का राहिला," ती म्हणाली.