टोमॅटोला जुलाबाचं मीठ

लग्न होऊन मी दौंडला आले ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. आमचे हे बुकिंग ऑफिसात क्लार्क होते. माझं माहेर नदीकाठचं, काळ्या मातीचं. तिथं काडी खोचली तरी तिला पालवी फुटायची. इथलं अंगण म्हणजे इंजिनाची राख आणि खडी. पहिल्या वर्षी मेथी पेरली, तर एक पान वर आलं नाही. मग मी रॉकेलचे रिकामे डबे गोळा केले, खिळ्यानं बुडाला भोकं पाडली, भीमेकाठची माती पोत्यातून आणवली, तिच्यात शेणखत कालवलं आणि टोमॅटो लावले.

यांना त्याची गंमत वाटायची. "लोकांच्या घरी डब्यात रॉकेल असतं, आपल्याकडं शेत," असं हे येईल त्याला सांगायचे.

रोपं चांगली कमरेएवढी झाली. संक्रांतीच्या सुमाराला फळं धरली आणि तिथंच दुखणं सुरू झालं. खालची पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. टोमॅटो वरून लालबुंद दिसायचा, हातात घेऊन उलटा केला की बुडाला काळा, सुरकुतलेला डाग. बाजारात विकणाऱ्यानं असा टोमॅटो दिला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. इथं भांडायचं कुणाशी?

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक चाचा आपल्या मुलाकडं राहायचे. इंजिन ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या ओट्यावर डब्यांतूनच गुलाब होते, आणि काय गुलाब! ते काठी टेकत आले, चष्मा कपाळावर सारून पानं पाहिली आणि म्हणाले, "बेटी, पानाला मॅग्नेशियम कमी पडतंय. जुलाबाचं मीठ दे."

"झाडाला जुलाब?"

"तेच मीठ. औषधाच्या दुकानात मिळतं. बादलीत चमचाभर टाक. माझ्या गुलाबाला मी देतो. आजवर तक्रार न्हाई त्यांची."

काळ्या बुडाचं औषध मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते मला यांनी वाचनालयातून आणलेल्या शेतकी मासिकात सापडलं. कॅल्शियम कमी पडलं की टोमॅटो बुडाशी सडतो म्हणे. आता कॅल्शियम आणायचं कुठून? पानाचा चुना घरात होताच. मी एका डब्यात मूठभर घातला. चार दिवसांत ते रोप वाळून गेलं. चाचांनी अंड्याची टरफलं सुचवली आणि त्यांच्या सुनेनं ती वाडगाभर आणूनही दिली. पण ती मातीत विरघळायला सहा महिने लागतील असं मासिकात होतं, तोवर माझा टोमॅटो थोडाच थांबणार? शेवटी माझ्या मनात आलं, माणसाला कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्याच कुटून घालाव्यात.

आणि मी औषधाच्या दुकानात गेले.

दुकानदार भला माणूस, पण घराघरांतली पोटदुखी त्याला पाठ. मी जुलाबाचं मीठ मागितलं तसं त्यानं आवाज हळू केला. "वहिनी, साहेबांना फार त्रास आहे का?"

टोमॅटोला आहे, असं सांगायला माझी जीभ उचलेना. दुकानात चार माणसं उभी होती. मी नुसती मान हलवली.

"पहाटे कोमट पाण्यातून द्या. आणि त्या दिवशी त्यांना म्हणावं, तिकिटाच्या खिडकीवर बसू नका."

मग मी कॅल्शियमच्या गोळ्या मागितल्या. त्याच्या चेहऱ्यावर एकदम हसू पसरलं. पुडी बांधता बांधता म्हणाला, "आता जड उचलू नका हं. आणि नळावर बेतानं जा, तिथं निसरडं आहे." मला वाटलं, काय काळजी आहे या माणसाला! मी आभार मानून घरी आले.

दोन्ही औषधं मी आधी एकाच बादलीत कालवली, तर तळाला पांढरा गाळ बसला. मग चाचांनी सांगितलं तसं एका आठवड्याला मीठ आणि दुसऱ्या आठवड्याला गोळ्यांचं पाणी, असं ठरवलं. माल संपला की मी पुन्हा दुकानात. दुकानदार दर वेळी यांच्या पोटाची चौकशी करायचा आणि मी दर वेळी "जरा बरं आहे" म्हणायचे. पानं खरंच जरा बरी होती.

इकडं हे रोज एक पपई घेऊन घरी यायला लागले.

"अहो, इतक्या पपया कशाला?"

"मी कुठं आणतोय? लोक देतात. आज तर पार्सल ऑफिसातल्या हमालानं दिली. वर म्हणाला, साहेब, पाणी भरपूर प्या. स्टेशनमास्तर म्हणतात, बसून काम केलं की असं होतंच. काय होतं ते कुणी सांगत नाही!"

मीही चकित झाले. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला सासूबाई आल्या त्या दिवशी. त्या शिरूरकडच्या गावी असत. दुपारच्या एसटीनं, आगाऊ निरोप न देता, डोक्यावर गाठोडं घेऊन त्या दारात उभ्या. मी हातातली घागर घेऊन पुढं झाले, तर त्यांनी ती हिसकावून घेतली. "खाली ठिव आधी! ह्या दिवसांत घागर उचलतीस व्हय?"

गाठोडं सोडलं तर आत आवळे, बोरं, चिंचेचा गोळा आणि दृष्टीचा काळा दोरा. दुकानदाराचे साडू शिरूरला होते. त्यांच्याकडून बातमी गावात पोचली होती.

"गोळ्या घेतीस ना वक्ताला?" त्यांनी विचारलं.

"आत्याबाई, गोळ्या मी नाही घेत. टोमॅटो घेतात."

मी त्यांना मागच्या ओट्यावर नेलं, डबे दाखवले, कुटलेल्या गोळ्यांची वाटी दाखवली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तोवर त्यांनी एका शब्दानं मला कधी टोचलं नव्हतं, आणि आता त्या इतक्या लांबून चिंचा घेऊन आल्या होत्या. मी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात हे ऑफिसातून आले. हातात पपई.

सासूबाईंनी पपईकडं पाहिलं, टोमॅटोकडं पाहिलं. "आन् ह्याचं प्वाट?"

"ते पण टोमॅटोचंच," मी म्हणाले.

मग त्या अशा हसायला लागल्या, की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. आवाज ऐकून चाचा बाहेर आले. मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळेना. यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. हे पपई धरून तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मला घेऊन औषधाच्या दुकानात गेल्या. भर गर्दीत म्हणाल्या, "माझ्या ल्योकाचं प्वाट झकास हाय. आन् सुनंला दिवस गेलं की मी सोता येऊन सांगीन. ह्ये समदं टमाट्याला लागतंय. द्या आता."

दुकानदार कानापर्यंत लाल झाला. मीठ तोलता तोलता त्यानं हळूच विचारलं, "आजी, आमची डब्यातली मिरची पिवळी पडलीय, तिला चालेल का?" (पुढं दोन वर्षांनी मला खरंच गोळ्या लागल्या, तेव्हा त्या आणायला मी चाचांच्या सुनेला पाठवलं.)

सासूबाई महिनाभर राहिल्या. पत्र्याचा डबा उन्हात तापतो, माती दुपारीच कोरडी पडते, म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालायच्या. मी गोळ्या आणि मीठ चालूच ठेवलं. नंतरचे टोमॅटो बुडापर्यंत स्वच्छ निघाले. ते गोळ्यांनी की पाण्यानं, यावर आमचा दोघींचा वाद कधीच मिटला नाही. चाचा म्हणायचे, मिठानं.

जाताना सासूबाईंनी तीन डबे रोपांसकट मागून घेतले. हे म्हणाले, "आई, घरी एवढं वावर असताना डब्यात लावणार?"

"वावर तुझ्या बापाचं हाय," त्या म्हणाल्या. "डबं माजं."

कंडक्टरनं कुरकुर करत डबे टपावर चढवले. एसटी सुटली तरी त्या खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत होत्या.